धुऱ्यावरचा पाला

कापसाची वेचणी सुरू झाली की बायांच्या बोटांकडे बघवत नाही. उकललेल्या बोंडाच्या वाळक्या कडांना टोकं असतात आणि कापूस ओढताना ती नखांच्या बाजूला रुततात. संध्याकाळपर्यंत दहाही बोटं सोलवटलेली, आणि सकाळी तीच बोटं पुन्हा त्याच पऱ्हाटीत. यवतमाळ जिल्हा कापसाचा, त्यामुळे दिवाळीपासून होळीच्या अलीकडेपर्यंत हे घरोघरी चालायचंच. यासाठी दवाखान्यात कुणी येत नाही. का येईल? एका दिवसाची मजुरी बुडवून बोटावरचा ओरखडा दाखवायला आलेली बाई मला नोकरीत भेटली नाही.

मी आरोग्य सेविका होते. केळापूर, घाटंजी, झरी-जामणी या भागातल्या उपकेंद्रांत माझी उमेदीची वर्षं गेली. मी रजिस्टरमध्ये लिहायचे त्या जखमा वेगळ्या आणि गावात होणाऱ्या वेगळ्या. रजिस्टरमधली जखम म्हणजे पिकलेली, सुजलेली, नाहीतर टाके घालायला पुढे पाठवलेली. बाकीच्या, म्हणजे विळ्याने कापलेल्या, तुरीच्या खुटावर पाय पडून फाटलेल्या, बाभळीचा काटा आत मोडून राहिलेल्या, शेतातल्या शेतात निस्तरल्या जायच्या. त्या कशा निस्तरतात हे मला लसीकरणाच्या आणि गृहभेटींच्या निमित्ताने भरपूर बघायला मिळालं. सुरुवातीला मी शिकवायच्या आवेशात असायचे. पुढे आवेश उतरला आणि नजर बरी झाली.

पहिला मान दगडीपाल्याचा. कुणी त्याला कंबरमोडी म्हणतं, कुणी एकदांडी. जमिनीलगत पसरणारं रोप, लवदार पानं, कडा दातेरी, आणि वीतभर दांड्यावर एकच फूल, मध्ये पिवळं, कडेला पांढरट. शेताच्या धुऱ्यावर, पांदणीच्या कडेला, शाळेच्या मैदानात, कुठेही उगवतो. विळा लागला की बाई चार पानं खुडते, तळव्यावर चोळते, हिरवा रस कापल्या जागेवर पिळते आणि चोथा वर दाबून लुगड्याची चिंधी गुंडाळते. चुरचुरतं. चुरचुरलं म्हणजे लागू पडलं, असा हिशोब. रक्त थांबतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्यातलं काही श्रेय नुसत्या दाबण्याचं आहे, कारण स्वच्छ कापड घट्ट धरलं तरी किरकोळ रक्त थांबतंच. पण सगळं श्रेय दाबण्याचं नसावं. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत उंदरांच्या जखमांवर या वनस्पतीचा अर्क तपासला गेला आहे आणि त्यात काही चांगले परिणामही दिसले आहेत. अर्थात, उंदराच्या पाठीवर मोजूनमापून केलेली जखम वेगळी आणि शेणाच्या खड्ड्यात उभ्या असलेल्या माणसाचा फाटलेला तळपाय वेगळा.

झरी तालुक्यात डोंगराच्या कडेकडेने कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर कोलामांची सरकारदरबारी आदिम जमात म्हणून नोंद आहे. बांबूच्या टोपल्या आणि ताटवे विणण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. बांबूच्या कमटीची कड फार वाईट. ती बोटातून सरकली की सरळ आत जाते. एका पोडावरचे म्हातारे बाबा माझ्यादेखत कमटी सोलत होते आणि अंगठ्याच्या मुळाशी चांगलं चिरलं. मी पेटी उघडेपर्यंत त्यांनी नातीला हाक मारून पाणी आणवलं होतं. हात खाली धरून गडवाभर पाणी त्यांनी जखमेवरून सोडलं, चिरलेली कड उघडून आत बघितलं, बांबूचा एक धागा नखाने काढला, पुन्हा पाणी सोडलं. मग पाला. मी म्हटलं, बाबा, आधी रक्त तरी थांबवायचं.

‘‘वाहू द्या लागते थोडं. घान आतमंदी राह्यली त पाला काय करन, बाई?’’

मला प्रशिक्षणात शिकवलेला क्रम नेमका हाच होता. आमच्या पुस्तकात पाल्याच्या जागी पोव्हिडोन आयोडीन होतं, एवढाच फरक. मी त्यांच्या पाल्याला हात लावला नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि त्यांनी ते कुरकुर न करता घेतलं. दुसऱ्या आठवड्यात गेले तेव्हा जखम सुकली होती आणि बाबा नव्या टोपलीचं बूड विणत होते.

सगळे असे नसतात. पाणी लागलं की जखम पिकते, ही समजूत आमच्या भागात पक्की आहे, म्हणून धुण्याऐवजी थापण्यावर भर. चुलीची राख, जाळलेल्या कापसाची राख, चुना, रॉकेल, कोळ्याचं जाळं, दात घासायची पेस्ट. विदर्भाची स्वतःची भर म्हणजे खर्रा. तोंडातला खर्रा काढून कापलेल्या बोटावर दाबणारा गडी मी पाहिला आहे, आणि रागावल्यावर ‘‘तंबाखूनं जंतू मरते ना, सिस्टर’’ हे त्याचं शास्त्रही ऐकून घेतलं आहे. राखेबद्दल मी थोडी मऊ आहे. चुलीतून नुकतीच निघालेली राख त्यातल्या त्यात स्वच्छ. पण गावात वापरतात ती रात्री मांजर ज्यात झोपलं होतं ती.

खरा वैरी शेण आणि माती. धनुर्वाताचे जंतू गुरांच्या आतड्यात असतात, शेणातून मातीत येतात आणि तिथे वर्षानुवर्षं तग धरतात. हवा न लागणाऱ्या अरुंद, खोल जखमेत ते वाढतात आणि त्यांचं विष मज्जातंतूंमध्ये जातं. म्हणून मोठी, भळभळणारी जखम दिसायला भयंकर असली तरी धनुर्वाताच्या दृष्टीने जास्त भीती छोट्या जखमेची. तुरीचा खुट, बाभळीचा काटा, गोठ्यातला खिळा. रक्ताचे चार थेंब येतात, माणूस गुळाचा गरम चटका देतो किंवा काटा वर यावा म्हणून रुईचा चीक लावतो आणि कामाला लागतो. चिकाने कातडी मऊ होऊन काटा कधी कधी खरंच वर येतो. हात मात्र त्यानंतर डोळ्याला लागता कामा नये, रुईच्या चिकाने डोळ्याला मोठी इजा होते.

आता एक गोष्ट बघा. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. नाळेवर शेण-राख लावायची रीत मोडायला, बाळंतपणं दवाखान्यात आणायला, गरोदर बायांना टोचायला आम्ही सेविका, दाया, अंगणवाडीताई आणि पुढे आशाताई उन्हातान्हात फिरलो होतो, त्याचं ते फळ. पण लसीकरणाचं वेळापत्रक काढून पाहिलं तर तान्ह्या बाळाला लस आहे, पाच-सहा वर्षांच्या लेकराला आहे, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी आहे, गरोदर बाईला आहे. डवरा धरणाऱ्या चाळिशीतल्या गड्याचं त्यात नाव नाही. त्याला लागलं, आणि तो आमच्यापर्यंत आला, तरच त्याला टोचणार. घरातली बाई बाळंतपणाच्या निमित्ताने टोचून घेते. नवऱ्याला विचारलं तर ‘‘शाळेत असताना देल्लं असन’’ असं उत्तर. मी पाल्याशी भांडण सोडून दिलं ते हे लक्षात आल्यावर. पाला लावलेला गडी दिसला की पाला काढ म्हणायच्या आधी मी दंड पुढे कर म्हणायचे. २०१९ च्या सुमारास टीटीची जागा टीडीने घेतली, म्हणजे त्यात घटसर्पाचंही संरक्षण आलं. लोक अजून टीटीच म्हणतात, म्हणू देत.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काही वर्षं बीएएमएस झालेले वैद्यकीय अधिकारी होते. ते मला सांगायचे की सुश्रुताने व्रणावर साठ उपक्रम दिले आहेत. काढ्याने धुणं, तेल-तूप लावणं, बंध बांधणं, धुरी देणं हे त्यातलेच, आणि वर पान ठेवणं हाही त्या साठातला एक. गावाने तेवढा एक धरून ठेवला आणि धुण्याचा सोडला, अशी त्यांची तक्रार. ते स्वतः भाजलेल्यासाठी शतधौत घृत करायचे. तांब्याच्या परातीत तूप पाण्याबरोबर फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी, असं शंभरदा. शेवटी पांढरंशुभ्र, हलकं मलम तयार होतं. पण चुलीवर हात भाजलेली बाई आली की त्यांचा पहिला उपाय साध्या पाण्याची बादली. चांगली वीसेक मिनिटं हात पाण्यात किंवा नळाखाली, तूप त्यानंतर, आणि तेही कातडी शाबूत असेल तरच. फोड आलेल्यांना ते तूपही लावायचे नाहीत. मला हे त्यांचं शहाणपण त्यांच्या तुपाहून मोठं वाटायचं.

गंमत अशी की सुश्रुताला दगडीपाला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातली, आपल्याकडे ती बाहेरून आली. धुऱ्यावरची रायमुनियाही तिकडचीच, तिला पश्चिम महाराष्ट्रात घाणेरी किंवा टणटणी म्हणतात. इंग्रजांनी तिला बागेतलं शोभेचं झाड म्हणून आणलं, पुढे तिने अर्धं जंगल गिळलं. परकं रोप दारात उगवलं, आमच्या आज्या-पणज्यांनी ते चोळून पाहिलं, लागू पडलं तसं ठेवून घेतलं. पोथीत सापडलं तरच ते आपलं, असं मानणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. जुन्या लोकांची ताकद पाठांतरात नव्हती. चाखून, चोळून बघण्यात होती.

हळदीचं उलट. ती पोथीतही आहे आणि फडताळातही. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखमा बऱ्या करण्याचं पेटंट मिळालं, तेव्हा आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर), डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्याला आव्हान दिलं. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा जुन्या ग्रंथांतले आणि १९५३ च्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातले पुरावे धरून बत्तीस दाखले सादर झाले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. गावोगाव भाषणांत याची आठवण निघते, छाती फुगते, फुगावीच. फक्त तिथे सिद्ध काय झालं ते नीट समजून घ्यावं. हा उपाय नवा नाही, हे सिद्ध झालं. तो किती आणि कुठल्या जखमेवर गुणकारी, हा खटल्याचा विषयच नव्हता. माझ्याकडे हळदीचा पिवळा गच्च थर चढवलेल्या जखमा यायच्या. थराखाली पू साठलेला असायचा आणि वरून काही दिसायचं नाही. लाली पसरतेय की ओसरतेय हेही कळायचं नाही, कारण सगळंच पिवळं.

तरी हळदीशी माझं वैर नाही. उमरखेड, महागाव, पुसदकडे हळद भरपूर पिकते. काढणीनंतर कंद उकळून, वाळवून, घासून तयार होतात. तिकडची माणसं जखमेला लावायला घरी कुटलेलं हळकुंड वेगळं ठेवतात, हे मला आवडलं. भाजीच्या डब्यातली हळद लावू नये. ओला चमचा, मिठाची बोटं, सगळं त्या डब्यात जातं, आणि बाजारच्या सुट्या पुडीत रंगाची भेसळ असू शकते. घरचं हळकुंड, स्वच्छ सहाण, धुतलेली जखम, पातळ थर. एवढं पाळलं तर खरचटलेल्या ढोपराला मी कधी नको म्हटलं नाही.

कातडीच्या इतर कुरबुरींवर धुऱ्यावरचं आणि रानातलं औषध कधी छान चालतं, कधी अंगलट येतं. पावसाळ्यात निंदणाच्या बायांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मेंदीचा पाला वाटून लावतात, कातडी कोरडी आणि घट्ट होते, आराम पडतो. टाचांच्या भेगांना मोहाच्या टोळीचं तेल, रात्री पाय धुऊन. यात वाईट काही नाही, उलट शहरातल्या महागड्या क्रीमपेक्षा बरं. करंजीचं तेल खाजेवर वापरतात. सीताफळाच्या पाल्याचा रस गुरांच्या किडे पडलेल्या जखमेत पिळतात. त्याच्या बिया वाटून डोक्यातल्या उवांना लावतात तेव्हा मात्र मला धडकी भरायची, कारण ते डोळ्यात गेलं तर बुबुळाला जखम होते.

आणि बिबा. बिबा फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात पाहिले असतील तर वेगळं सांगायला नको. तळवे काळे, कातडी जळून निघालेली. बिब्याचं तेल अंगाला लागलं की उततं, फोड येतात, पाणी सुटतं, खाज थांबत नाही, आणि काही जणांचा तर चेहरा सुजून डोळे मिटतात. तरी कुरूप आणि भेगा यांवर बिब्याचा चटका द्यायची हौस जात नाही. एका सुनेने सासूच्या टाचेला बिबा लावला आणि तोच हात स्वतःच्या गालाला लागला. दोघी एकाच दिवशी माझ्याकडे. सासूची टाच बरी होती. बिबा उतला की खोबरं आणि तीळ खातात आणि लावतात, ही जुनी रीत. पण आधी साबणाने धुऊन तेल उतरवा, हे मी प्रत्येक पोडावर सांगत आले. जाणकार वैद्य बिबा शोधन केल्याशिवाय वापरत नाही. हौशी माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

गजकर्णाचं बघा. पूर्वी तरोट्याच्या बिया ताकात वाटून लावायचे. गजकर्ण हळूहळू कमी व्हायचं किंवा तसंच राहायचं, पण बिघडायचं नाही. आता पानठेल्याच्या शेजारच्या दुकानातून ट्यूब येते. तिच्यात बुरशीच्या औषधासोबत जहाल स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज जाते, माणूस खूश. महिन्याभराने चट्टा दुप्पट, कडा फिक्या, कातडी पातळ, आणि पुढे घरभर पसरलेलं. झाडपाला जुनाट आणि ट्यूब सुधारलेली, असं ज्यांना वाटतं त्यांनी उन्हाळ्यात आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ बसावं.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते धुऱ्याबद्दल. मी नोकरीला लागले तेव्हा निंदण बायांच्या हातांनी व्हायचं. आता मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, आणि तणनाशकाची बाटली गावात मिळते. पऱ्हाटीच्या ओळीत फवारतात, उरलेलं धुऱ्यावर मारतात. दगडीपाला शेतकऱ्याच्या लेखी तणच. बरं, तणनाशक मारल्या मारल्या पाला करपत नाही. मुळापर्यंत भिनणारी जी औषधं असतात त्यांत पाच-सात दिवस पान हिरवंगारच दिसतं. शेजारच्या शेतात कामाला आलेल्या बाईला कुणी सांगणार की काल इथे पंप फिरला? ती पूर्वीसारखी चार पानं खुडते, चोळते आणि उघड्या जखमेवर रस पिळते. हेच कीटकनाशकाचं. ज्या पानावरून रस पिळायचा त्यावर काय बसलंय ते दिसत नाही.

२०१७ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर गेलं ते फवारणीच्या विषबाधेने. पावसाळ्याच्या अखेरीला विसाच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याइतकी वाढलेली, पंपातून निघालेले तुषार तोंडावर, टाकी गळून पाठ भिजलेली. श्वासातून जातं तसं ते कातडीतूनही आत जातं, हे फार थोड्यांना माहीत होतं. पाठीची, मांड्यांची आग होते म्हणून कुणी खोबरेल चोळलं, कुणी हळद-तेल. अंगावर विष असताना त्यावर दुसरा थर चढवायचा नसतो. कपडे काढायचे, साबण आणि भरपूर पाणी, आणि डोकं गरगरत असेल, घाम फुटत असेल, डोळ्यांची बाहुली बारीक झाली असेल तर वेळ न घालवता दवाखाना. त्या हंगामानंतर मी गृहभेटीत जखमांची गोष्ट काढली की पहिला प्रश्न हाच विचारायचे, की पाला कुठला आणला.

मग मी बायांना म्हणू लागले की परसात, आंघोळीच्या पाण्याच्या वाटेवर, दगडीपाल्याचे दोन वाफे ठेवा, कोरफडीची कुंडी ठेवा, फवारणीच्या धुऱ्यावरचं आणू नका. सगळ्या हसल्या. ‘‘तन काय कोनी लावते काय, सिस्टर?’’ एकीने मात्र जुन्या बादलीत लावला. नात्यातल्या पोरांना लागलं की तिच्याकडे धाडतात, आणि ती आधी पोराचं ढोपर धुते, कारण नाही धुतलं तर मी बोलेन हे तिला माहीत आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. आमच्या भागातल्या शाळांनी तसला छोटा वाफा केला तर पोरांना झाड ओळखता येईल. नव्या पिढीला कंबरमोडी आणि गाजरगवत यातला फरक सांगता येत नाही, आणि गाजरगवताने अंगावर चट्टे उठणारी माणसं काही कमी नाहीत.

काही जखमांवर मात्र पाला, हळद, मलम काहीच नको, अगदी चांगल्या पाण्याने धुतलेलं असलं तरी. कुत्रं चावलं की मिरचीची पूड आणि चुना भरतात. ते न करता वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, उघडी ठेवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात कळ आली, पापण्या जड झाल्या, तर अंगावर खूण सापडली नाही तरी मण्यार चावली असं धरून चाला, कारण तिचा दंश कधी कधी दिसतही नाही. तिथे चिरा देऊन पाला चोळत बसणं म्हणजे वेळ घालवणं. साखरेचा आजार असलेल्याच्या पायाची जखम किरकोळ नसते.

आणि एक जखम अशी की जी दुखतच नाही. वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोरा येतं. तिथे बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पुढे आनंदवन उभं राहिलं. आमच्या पूर्व भागातली कितीतरी कुटुंबं त्या वाटेने गेलेली. कुष्ठरोगात नस मरते, चटका लागलेला कळत नाही, खुट रुतलेला कळत नाही. माणूस पाला बांधून हिंडत राहतो आणि बोट झडतं. म्हणून जखमेवर बोट ठेवल्यावर माणूस ‘स्स’ करत नसेल तर मी त्याच्या अंगावरचे फिकट चट्टे शोधायला लागायचे. यावरचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर रोग पूर्ण बरा होतो. बधिर झालेल्या पायाची जी काळजी आम्ही शिकवतो ती मात्र जुन्या घरातलीच आहे. रोज पाय पाण्यात भिजवायचे, घट्टे हळू घासायचे, ओलसर असतानाच तेल लावायचं, आणि संध्याकाळी तळपाय डोळ्यांनी तपासायचे. तेल मोहाचं चालतं, खोबऱ्याचं चालतं, घरात असेल ते.

आता निवृत्त झाले तरी वेचणीच्या दिवसांत बाया विचारायला येतात. त्यांना सांगते तेच इथे लिहिते. पाला लावायचा तर लावा, पण आधी जखम भरपूर पाण्याने धुवा आणि पाला परसातला घ्या. आणि घरातल्या गड्यांना विचारा, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं? आठवत नसेल किंवा दहा वर्षं होऊन गेली असतील तर खुट लागायची वाट न पाहता त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.